खाडीच्या मुखापासून आत: कोकणातील वसाहतकालीन वारसा कसा पाहावा आणि कसा नोंदवावा

पोर्तुगीज, डच आणि इंग्रज हे तिघेही कोकणात समुद्रातून आले. त्यामुळे त्यांच्या बहुतेक महत्त्वाच्या वास्तू एक तर खाडीच्या मुखाशी आहेत, नाही तर खाडीतून गलबत जेथवर आत जाऊ शकत असे तेथे आहेत. आज आपण मात्र महामार्गावरून फाट्याफाट्याने किनाऱ्याकडे उतरतो. एक किल्ला इकडे, एक चर्च तिकडे, एखादा पडका बंगला तिसरीकडे, असे सुटे तुकडे आपल्या हाती लागतात आणि त्यांना जोडणारे पाणी नजरेतून सुटते. म्हणून ज्यांना हा वारसा खरोखर समजून घ्यायचा आहे, त्यांना माझी पहिली सूचना अशी की, जिल्हा किंवा तालुका न निवडता एक खाडी निवडावी आणि तिच्या मुखापासून आतल्या शेवटच्या बंदरापर्यंत दोन-तीन फेऱ्यांत ती पूर्ण पाहावी. दुसरी सूचना वहीविषयी आहे. वहीत प्रत्येक स्थळासाठी तीन रकाने आखावेत: पाहिले, ऐकले आणि वाचले. हे तीन रकाने एकमेकांत मिसळू न देणे हीच या कामातील खरी शिस्त आहे. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या वह्यांत ती नव्हती. त्यातील कोणते वाक्य कोणा वृद्धाने सांगितले आणि कोणते छापील पानावरून उतरवले हे आज मलाच सांगता येत नाही, आणि त्या वह्यांचा आता काहीही उपयोग करता येत नाही.

खाडी निवडणे

चार खाड्या सुरुवातीला उत्तम आहेत. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि कोर्लई समोरासमोर उभे आहेत. पोर्तुगीज काळासाठी महाराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यावर याहून चांगली जागा नाही. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट आहे आणि तिच्या आतल्या टोकाला महाड. इंग्रजी अंमलाची सुरुवात आणि त्या अंमलातील सामाजिक लढ्याचे एक सर्वांत मोठे पान, दोन्ही एकाच पाण्यावर सापडतात. जैतापूरच्या खाडीने आत गेले की राजापूर लागते, जेथे सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. वाघोटण खाडीचे मुख विजयदुर्ग राखतो.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी वाचून ठेवाव्यात. पहिली म्हणजे जुने जिल्हा गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० मध्ये आणि कुलाबा-जंजिऱ्याचा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि हे खंड आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यांत बंदरांची, किल्ल्यांची, कबरींची आणि धर्मशाळांची गाववार वर्णने आहेत. मात्र ती राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी लिहवून घेतली होती, हे विसरून ती वाचू नयेत. गावातील कोणाला विचारले गेले आणि कोणाला नाही, हे त्या मजकुरातच जाणवते. दुसरी गोष्ट म्हणजे गाव नकाशा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळणाऱ्या नकाशावर जुन्या वाटा, तळी, बंदराकडे जाणारा रस्ता आणि सरकारी पड जमीन दिसते. वखार, कचेरी किंवा दफनभूमी अनेकदा अशाच एखाद्या वेड्यावाकड्या तुकड्यात दडलेली असते.

सगळाच किनारा थेट इंग्रजांच्या ताब्यात नव्हता, हेही आधीच लक्षात घ्यावे. जंजिरा संस्थान सिद्दींचे आणि सावंतवाडी संस्थान सावंत-भोसल्यांचे होते, आणि आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० नंतर इंग्रजांनी खालसा केले. त्यामुळे मुरूडमधील किंवा सावंतवाडीतील प्रत्येक जुन्या इमारतीला सरसकट ‘ब्रिटिशकालीन’ म्हणणे चुकीचे ठरते.

ऋतू आणि भरती-ओहोटी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात तटावरील गवत आणि वेली सगळे झाकून टाकतात, जांभा शेवाळून निसरडा होतो आणि खाडी ओलांडून नेणाऱ्या तरी, म्हणजे फेरीबोटी, अनेकदा बंद असतात. मार्च उजाडला की ऊन असह्य होते, तरी गवत वाळलेले असल्याने जोती आणि पाये मात्र याच दिवसांत सर्वांत स्पष्ट दिसतात. ज्यांना मोजमापे घ्यायची आहेत त्यांनी ते ऊन सोसावे.

किनाऱ्यावरच्या कोणत्याही स्थळासाठी ओहोटीची वेळ ठाऊक हवी. कोळी आणि खलाशी वापरतात तो हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या सकाळी सहाला भरती असेल तर दुपारी बाराच्या सुमारास पाणी सर्वांत खाली जाते, आणि अलिबागहून कुलाबा किल्ल्यात पायी जाण्यासाठी त्याच्या आधीचा तास सर्वांत चांगला. पौर्णिमा-अमावास्येनंतर प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू करावी. हा अंदाज आहे. पाण्यात पाऊल घालण्यापूर्वी तेथील कोळी बांधवांना विचारल्याशिवाय राहू नये. ओहोटीचा दुसरा उपयोग असा की, जुन्या धक्क्यांचे पाये, त्यांच्या पायऱ्या आणि गलबते बांधण्याचे दगड त्याच वेळी उघडे पडतात.

रेवदंडा आणि कोर्लई: एक पूर्ण दिवस

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे सतरा किलोमीटरवर रेवदंडा आहे. येथे येणारे बहुतेक लोक समुद्राकडचा तट पाहून परत जातात, आणि हेच टाळायला हवे. पोर्तुगीजांचे चौल हे तटाच्या आत वसलेले शहर होते. आज त्या शहराच्या जागी नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि चर्चच्या भिंती, कमानी, विहिरी त्या वाड्यांच्या मधोमध उभ्या आहेत. या वाड्या खासगी आहेत. फाटकाशी थांबून हाक मारावी, ‘काकू, तुमच्या वाडीतली जुनी भिंत पाहायला आलो आहोत, आत आलो तर चालेल का?’ एवढे विचारावे, आणि ‘या, पण जाताना फाटक लावून घ्या, गुरं शिरतात’ हे उत्तर मिळाले की ते पाळावे. शिंपण चालू असेल तर पाटावरून उडी मारू नये. पाट मातीचा असतो आणि एका पावलाने फुटतो. नारळाच्या झाडाखाली उभे राहून फोटो काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

आत गेल्यावर आधी इतिहासाचा क्रम मनाशी लावावा. १५०८ मध्ये याच मुखाशी पोर्तुगीज आरमाराची इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराशी लढाई झाली आणि तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे वखार आणि मग किल्ला उभारला. परवानगी देणाऱ्या त्याच निजामशाहीने १५७०-७१ मध्ये त्यांना वेढा घातला आणि तो अयशस्वी झाला. समोरच्या डोंगरावर निजामशाहीने तटबंदी केली, तेव्हा तेथील तोफा बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजावर मारा करू शकत होत्या, म्हणून १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो डोंगर, म्हणजे कोर्लई, जिंकून घेतला. १७३९ मध्ये वसई चिमाजी अप्पांच्या हाती पडल्यावर पुढच्या वर्षीच्या तहाने हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. हा क्रम ठाऊक असला की, रेवदंड्याच्या तटावर उभे राहून पलीकडे पाहताना कोर्लईचा तो लांबट, अरुंद डोंगर या शहराच्या मानेवर ठेवलेल्या हातासारखा का वाटतो ते समजते.

रेवदंड्यातील सर्वांत उंच अवशेष म्हणजे लोक ज्याला सातखणी म्हणतात तो मनोरा. तो एका चर्चचा भाग होता. त्याच्याजवळ गेल्यावर लगेच वर पाहण्याऐवजी प्रथम पायाकडे पाहावे. दगड घडवलेला आहे की ओबडधोबड, दरजा किती रुंद आहेत, चुन्यात शिंपल्यांचे तुकडे दिसतात का, भिंतीवर गिलाव्याचा एखादा पापुद्रा टिकून आहे का, हे सर्व डोळ्यांच्या उंचीवरच कळते. मग हळूहळू नजर वर न्यावी आणि मजल्यांच्या तुळया ज्या खोबणींत बसत होत्या त्या मोजाव्यात. तुळया गेल्या तरी खोबणी राहतात, आणि त्या एका रेषेत कुठे आहेत यावरून मजले किती होते ते आपले आपल्यालाच काढता येते.

कोर्लईला जाण्यासाठी साळावचा पूल ओलांडावा लागतो. किल्ल्यावर दीपगृहाच्या बाजूने चढता येते. वर पाण्याचे टाके, तोफा आणि प्रार्थनामंदिराचे अवशेष आहेत. डोंगराच्या कण्यावर एकामागून एक दरवाजे आडवे घातले आहेत. शत्रूने एक भाग घेतला तरी पुढचा भाग लढत राहावा, ही त्यामागची रचना चालता चालता पायांनाच जाणवते. पण मला स्वतःला किल्ल्यापेक्षा गाव अधिक मोलाचे वाटते. कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून घडलेली एक बोली बोलतात आणि तिला आपली भाषा या अर्थाने ‘नोलिंग’ म्हणतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तट ढासळले, बोली टिकली. तेथे जाऊन कोणालाही ‘जरा बोलून दाखवा’ असे म्हणू नये. ती माणसे प्रदर्शनातील वस्तू नाहीत. रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी माउंट कार्मेल चर्चमध्ये कॅमेरा घेऊन शिरू नये, आणि ओळख झाल्यावर कोणी आपणहून बोलले तर ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी विचारावे.

भाषेचा हा वारसा आपल्याही घरात आहे. चावी, बादली, घमेले, पिंप, परात, पगार, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, आणि हापूस या नावात अफोन्सो हे नाव दडलेले आहे. शाळेतील मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी सहलीची सुरुवात याच शब्दांनी करावी. मुले मग चर्चच्या भिंतीकडे परक्याची भिंत म्हणून पाहत नाहीत.

दगड, कौले आणि तोफा वाचणे

वास्तू कोणाची हे ठरवताना एका खुणेवर विसंबू नये. पोर्तुगीज तटाला तोफांच्या माऱ्याच्या हिशोबाने केलेले कोनदार बुरूज असतात, तर मराठी किल्ल्यांत गोल बुरूज आणि वळण घेऊन आत जाणारा दरवाजा जास्त आढळतो. परंतु किल्ले हातोहात फिरले आहेत, आणि प्रत्येक मालकाने आपली भर घातली आहे. दरवाजावर पोर्तुगीज राजचिन्ह दिसले तर ते ओळखण्याची खूण अशी: मधल्या ढालीत क्रुसासारख्या मांडलेल्या पाच लहान ढाली, भोवतीच्या पट्टीत छोटे किल्ले आणि वर मुकुट.

झिजलेला शिलालेख वाचण्यासाठी त्यावर खडू, तेल, पाणी किंवा पीठ लावण्याची पद्धत अजूनही दिसते. ती अत्यंत घातक आहे आणि तिची गरजही नाही. सकाळी सूर्य वर येताना किंवा संध्याकाळी कलताना प्रकाश दगडावर तिरका पडतो आणि दुपारी सपाट दिसणारी अक्षरे त्या वेळी सावल्यांनी उठून दिसतात. लेख सावलीत असेल तर एकाने विजेरी दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ टेकवून धरावी आणि दुसऱ्याने समोरून फोटो काढावेत. विजेरी चारही बाजूंनी फिरवून चार फोटो घ्यावेत. डावीकडून न दिसणारी उभी रेघ उजवीकडून दिसते. आमच्या भागातील एका जुन्या मैलाच्या दगडावर कोणी तरी भल्या हेतूने ऑइल पेंटचे दोन हात दिले. त्यानंतर त्या दगडावरचे आकडे कोणत्याही प्रकाशात वाचता आलेले नाहीत, आणि याचे दुःख मला आजही आहे.

इंग्रजी काळातील बंगला, कचेरी किंवा शाळा असेल तर छपराकडे लक्ष द्यावे. आधी कोकणात गवताचे आणि नळीच्या कौलांचे छप्पर असे. मंगलोरमध्ये १८६५ साली बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला आणि त्यानंतर चपटी मंगलोरी कौले किनाऱ्याने गलबतांतून सर्वत्र पोहोचली. या कौलांच्या पोटाशी कारखान्याचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. दुरुस्तीच्या वेळी खाली उतरवलेले एखादे कौल सापडले तर ते उलटे करून फोटो घ्यावा. त्यावरून इमारतीचे वय कळत नाही, कारण छप्पर नंतरही बदलले जाते. पण छप्पर अमुक वर्षाच्या आधीचे नाही एवढे खात्रीने म्हणता येते.

तोफांचेही तसेच. कित्येक इंग्रजी तोफांवर मुकुट आणि त्याखाली राजाची आद्याक्षरे असतात, ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफांवर हृदयाच्या आकाराचे व्यापारी चिन्ह असते, आणि मागच्या बाजूला आडव्या रेघांनी विभागलेले तीन आकडे कोरलेले असतात. लोक त्या आकड्यांना साल समजतात. ते वजन आहे. समजा १२-२-१४ असे कोरलेले आहे. पहिला आकडा ११२ पौंडांच्या मापाचा, दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा म्हणजे २८ पौंडांचा आणि तिसरा सुट्या पौंडांचा. बारा वेळा ११२ म्हणजे १३४४, त्यात ५६ आणि १४ मिळवले की १४१४ पौंड, म्हणजे सुमारे ६४१ किलो. मुलांसमोर हे गणित जमिनीवर काडीने मांडून दाखवावे. गंजलेल्या लोखंडावरचे तीन आकडे बोलू लागले की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

सावित्रीच्या पाण्याने

सावित्रीची फेरी बाणकोटपासून सुरू करावी. उत्तरेकडून येणाऱ्यांना बागमांडल्याहून वेश्वीला वाहनांसह तरीने ओलांडता येते, आणि खाडीचे मुख पाण्यावरून पाहण्याची ती संधी सोडू नये. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेतला, आणि त्याच वर्षीच्या पेशव्यांशी झालेल्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिला. बाणकोटचा किल्ला, म्हणजे मराठ्यांचा हिम्मतगड, इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया झाला. पेशवाई संपल्यावर १८१९ मध्ये दक्षिण कोकणाचा जो जिल्हा केला गेला त्याचे ठाणेही प्रथम येथेच होते; १८२२ मध्ये ते अधिक मध्यवर्ती अशा रत्नागिरीला गेले. बाणकोट आज एवढे शांत का, याचे एक उत्तर या एका स्थलांतरात आहे. पलीकडे, चालत जाण्याच्या अंतरावर म्हणता येईल असे वेळास हे नाना फडणवीसांचे गाव आहे; एकाच मुखाशी दोन राजवटींची मुळे इतक्या जवळ सापडतात.

याच मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. वसाहतकालीन वारशाच्या यादीत असे गाव घालावे का, असा प्रश्न मला विचारला गेला आहे. घालायलाच हवे. कोकणातील महार कुटुंबांची कंपनीच्या आणि नंतरच्या इंग्रजी फौजेतील भरती, दापोलीचा कॅम्प आणि तेथे स्थायिक झालेले निवृत्त सैनिक, खोतीची जाचक व्यवस्था आणि तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेले विधेयक, हे सर्व त्या काळाचेच अंग आहे. साहेबांचे बंगले तेवढे मोजले आणि ही गावे सोडली तर आपण पुन्हा राज्यकर्त्यांच्याच डोळ्यांनी किनारा पाहत राहू.

खाडीने आत जात दासगाव लागते. आज महामार्गावरून गाड्या येथे न थांबता जातात. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी समुद्रमार्गे येऊन याच दासगाव बंदरावर उतरले आणि तेथून मिरवणुकीने पायी महाडला गेले. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याविषयीचा न्यायालयीन लढा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने जिंकला गेला. शक्य असेल त्यांनी दासगावच्या धक्क्यापासून चवदार तळ्यापर्यंतचे हे अंतर पायीच चालावे आणि आंबेडकरी कार्यकर्त्यांपैकी कोणी सोबत येण्यास तयार असेल तर त्यांच्याबरोबर चालावे. पुस्तकात एका ओळीत संपणारे अंतर चालताना केवढे आहे ते कळते.

महाडजवळ सावित्रीवर इंग्रजी काळातील दगडी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो कोसळला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्यांसह इतर वाहने वाहून गेली, माणसे गेली. जुनी वास्तू जपणे आणि ती वापरात ठेवणे यांतील जबाबदारी किती मोठी आहे, हे त्या जागी उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या पुलांची नोंद करणाऱ्यांनी म्हणून केवळ कमानींची शोभा टिपू नये. पायाजवळची धूप, दरजांत रुजलेली झाडे आणि कमानीतील भेगा यांचे फोटो तारखेसह घ्यावेत आणि ते बांधकाम विभागाला लेखी पाठवून पोच घ्यावी.

ऐकलेले तपासणे

विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या कट्ट्यांवरून हेलियमचा शोध लावला, असे तेथे सांगितले जाते आणि अनेक ठिकाणी छापलेही गेले आहे. येथे तीन रकान्यांचा उपयोग कळतो. पाहिले: कट्टे आहेत. ऐकले: लॉकियर येथे आले होते. वाचले: खग्रासाचा पट्टा या भागातून गेला हे खरे; फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन यांनी ते ग्रहण गुंटूर येथून पाहिले; परंतु लॉकियर यांचे ते प्रसिद्ध निरीक्षण त्यानंतर ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून झाले. म्हणजे कट्टे खोटे ठरत नाहीत आणि गावाची आठवणही टाकाऊ ठरत नाही. ग्रहणासाठी साहेब आले होते एवढी आठवण गावाने जपली आणि सर्वांत प्रसिद्ध नाव तिला पुढे चिकटले असावे, असे माझे मत आहे. गावातील ज्येष्ठांशी बोलताना ‘हे चूक आहे’ असे तोंडावर म्हणू नये. ‘हे तुम्ही कोणाकडून ऐकले?’ असे विचारावे. उत्तर ‘आजोबांकडून’ असेल तर ते मोलाचे आहे, ‘पाटीवर वाचले’ असेल तर ती वेगळी गोष्ट आहे.

राजापूरच्या वखारीविषयी मात्र लेखी पुरावा भक्कम आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत करणाऱ्या इंग्रजांना शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरावर चालून जाऊन कैद केले, आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे साथीदार १६६३ पर्यंत सुटले नाहीत. वखार पाहताना हा प्रसंग सोबत ठेवावा.

थोडक्यात इतर ठिकाणे

वेंगुर्ल्यातील डच वखार सतराव्या शतकातील आहे. गोव्याच्या नाकेबंदीसाठी येणारी डच जहाजे येथून शिधा घेत. इमारत पडकी आहे, आत शिरताना छपराखाली उभे राहू नये. जवळच शिरोडा येथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. वखार आणि मिठागर एकाच दिवशी पाहावे. रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ च्या युद्धानंतर हद्दपार झाला, १८८६ पासून रत्नागिरीत राहिला, १९१० मध्ये या राजवाड्यात आला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. राजवाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. शहरातील त्याच्या कबरीपाशीही जावे, कारण राजवाड्यात न जाणवणारे एकटेपण तेथे जाणवते. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासूनची आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तेथील कुलाबा वेधशाळेचे काम येथे हलवले गेले आणि इमारतीत चुंबकाला ओढणारे काहीही वापरले गेले नाही. आत जाण्यासाठी आधी पत्र पाठवावे.

नोंद आणि तिचे पुढे काय करावे

प्रत्येक वास्तूचे चारही बाजूंनी फोटो घ्यावेत, जवळच्या फोटोत मोजपट्टी किंवा रुपयाचे नाणे ठेवावे, आणि गाव, वाडी, तारीख, वेळ, दिशा त्याच ठिकाणी लिहावी. घरी गेल्यावर लिहू म्हटलेले लिहिले जात नाही. कबरीवरील नाव, हुद्दा, पलटण, वय आणि मृत्यूची तारीख ओळीनुसार जशीच्या तशी उतरवावी, चुकीचे वाटणारे अक्षरही सुधारू नये. भिंतीतून उगवलेला पिंपळ ओढून काढू नये, त्याबरोबर दगड येतात. ढासळलेला भाग सिमेंटने लिंपण्याचा सल्ला कोणालाही देऊ नये, कारण चुन्याच्या भिंतीत अडकलेले पाणी आणि खारे क्षार मग दगडच फोडू लागतात. जमिनीत नाणी किंवा भांडी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. सुट्या मूर्ती, वीरगळ किंवा लहान तोफा यांचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. अशा वस्तू चोरीला जातात.

घरात जुनी कागदपत्रे निघाली तर ती मोडीत असण्याची शक्यता मोठी. ती मागून नेऊ नयेत. तेथेच, सावलीत, पान सपाट ठेवून फोटो घ्यावेत आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवावेत. सरकारी बाजू पाहण्यासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे, ज्याची सुरुवात १८२१ ची आहे. नोंदींची एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीला आणि एक जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे, आणि कोकणात कागद सांभाळण्याची सवय वाचनालयांनाच अधिक आहे.

आणि ज्यांच्या वाडीत आपण शिरलो त्यांना फोटोची छापील प्रत नेऊन द्यावी. मोबाइलवर पाठवून भागत नाही. मी अशी एक प्रत घेऊन गेलो तेव्हा त्या काकूंनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली आणि मी ‘पडकी विहीर’ असे लिहिले होते त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘पडकी नाही हो, आम्ही हिला पाद्र्याची विहीर म्हणतो, अजून पाणी आहे.’ ती ओळ मी त्यांच्यासमोर खोडली आणि विहिरीचे नाव दुसऱ्या रकान्यात, ऐकले या शब्दाखाली, तारखेसह लिहिले.